नव्या शिवणयंत्राशी ओळख: आधी हिस्से-पुर्जे, मग टीप

रायपूरहून तुमचा निवृत्त फौजी मित्र पुन्हा हजर आहे. मागच्या वेळी आपण इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी आणि किती घालायचं ते पाहिलं. आज विषय आहे शिवणयंत्राचा. नवं मशीन घरात आलं की त्याच्याशी आणि त्याच्याबरोबर आलेल्या त्या छोट्या डबीशी ओळख कशी करून घ्यायची, एवढंच आज बोलायचं आहे. कपडे कसे बेतायचे, ब्लाउज कसा कापायचा, हे मला विचारू नका. ते आमच्या सौ.ना विचारा.

एक माणूस सुरुवातीलाच आठवतो. आमच्या घरी पोळ्या करायला एक ताई येतात. मूळच्या गोंदियाकडच्या, त्यामुळे घरात मराठीच बोलणं होतं. त्यांनी हप्त्यावर विजेचं शिवणयंत्र घेतलं. एका किराणा दुकानदाराकडून ऐंशी कापडी पिशव्यांची ऑर्डर मिळवली. तिसऱ्या दिवशी मशीन बंद. बंद म्हणजे मोटर चालू, सुई चालू, पण प्रत्येक टिपेखाली दोऱ्याचा हा मोठा गुंता. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, शटल गेलंय, अठराशे रुपये लागतील. पिशवीमागे दहा रुपये मजुरी असलेल्या बाईनं अठराशे रुपये कुठून आणायचे? त्यांनी अर्ध्या किमतीला मशीन विकायचं ठरवलं होतं. हप्ते मात्र पूर्ण किमतीचे भरायचे होते.

त्या मशीनचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी माझी स्वतःची फजिती सांगायला हवी, कारण सगळा धडा तिच्यातच आहे.

माझी फजिती

आमच्या सौ.च्या साठाव्या वाढदिवसाला मुलानं पुण्याहून नवं झिगझॅग मशीन पाठवलं. त्यांच्या माहेरचं काळं पायमशीन नागपूरला भावाकडे राहिलेलं. खोकं उघडलं. मशीन निघालं, पायडल निघालं, एक पुस्तिका निघाली, आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत पंधराएक चमकत्या वस्तू. सौ.नी विचारलं, "अहो, हे काय काय आहे?" मी म्हणालो, "स्पेअर पार्ट असतील." आणि पिशवी ड्रॉवरमध्ये टाकली. पुस्तिकाही तिच्याबरोबर गेली.

मग दोरा ओवला. नजरेनं, अंदाजानं. पहिली टीप मारली. वरून छान सरळ. कापड उलटलं तर खाली दोऱ्याचं घरटं. आता बघा, माणसाचं डोकं कसं चालतं. गुंता खाली दिसला म्हणजे दोष खाली. मी पेचकस घेतला आणि बॉबिन केसचा बारीक स्क्रू पिळला. गुंता तसाच. मग आणखी पिळला. आता खालचा दोरा तुटायला लागला. आठ दिवस हे चाललं. नवव्या दिवशी सौ.नी पुस्तिका काढली, चष्मा लावला आणि पाच मिनिटांत म्हणाल्या, "अहो, दोरा ओवताना फूट वर असायला हवा. इथे चित्र आहे."

फूट वर केला, दोरा पुन्हा ओवला, स्क्रू पूर्ववत केला. गुंता गेला.

मंडळी, मी तीस वर्षं फौजेत काढली. रंगरूटाच्या हातात रायफल दिली की पहिल्या दिवशी गोळी चालवत नाहीत. आधी हिस्से-पुर्जे: हे बट, हे बोल्ट, हे मॅगझिन. मग खोलणं-जोडणं. मग साफसफाई. मग भरणं आणि खाली करणं. मग शिस्त, मग निशाणा. आणि मशीनगनच्या शिक्षणात एक वेगळा धडा असतो: रोकें आणि फौरी इलाज. म्हणजे हत्यार अडलं तर काय, कोणत्या क्रमानं बघायचं. हे मी शेकडो जवानांना शिकवलं आणि घरच्या मशीनला मात्र सरळ गोळी घालायला निघालो. तोच क्रम आज इथे लावू.

फौजेला शिवण नवीन नाही, हेही सांगतो. जवानाच्या सामानात सुया, दोरा आणि बटणांची एक छोटी गुंडाळी असायची. इंग्रजांच्या काळापासून तिचं नाव 'हाउसवाइफ'. पलटणीत शिंपी असतोच. पण सरहद्दीवरच्या चौकीत बटण तुटलं तर तिथे शिंपी नसतो, ही गुंडाळीच असते.

पहिला दिवस: नावं

पहिल्या दिवशी वीज लावायची नाही. मशीन टेबलावर ठेवा आणि पुस्तिकेतलं चित्र शेजारी ठेवून एकेका भागावर बोट ठेवा.

उजवीकडे हातचाक. ते नेहमी आपल्याकडे फिरवायचं, उलट कधीच नाही. वर रीळ ठेवायची काडी. पुढे एक खाच, तिच्यात वर-खाली होणारी दांडी, टोकाला भोक. हिला टेक-अप म्हणतात. वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणारी चकती, तिच्यावर बहुधा ० ते ९ आकडे. सुई, सुई धरणारा स्क्रू. कापड दाबून धरणारा फूट आणि त्याला वर-खाली करणारा मागचा खटका. फुटाखाली पोलादी पट्टी, तिच्यातून डोकावणारे करवतीसारखे दाते. आणि खाली किंवा पट्टीच्या शेजारी बॉबिनचं घर.

कापड आपण ढकलत नाही, हे इथेच समजून घ्या. सुई कापडाबाहेर असते तेव्हा दाते वर येतात, कापड एक पाऊल मागे नेतात, खाली बसतात आणि पुढे परततात. आपल्या हातांनी फक्त दिशा द्यायची. नवशिका माणूस कापड मागून ओढतो, सुई वाकते, पट्टीवर आपटते आणि तुटते. मग म्हणतो, सुया हलक्या आल्या आहेत.

गाठ पडते कशी

आता पाच मिनिटं सिद्धांताची. हे समजलं की अर्धी दुरुस्ती आपोआप समजते.

हातसुईचं भोक मागच्या टोकाला असतं. मशीनच्या सुईचं भोक अणीजवळ. अमेरिकेत एलायस होव यांनी १८४६ मध्ये अशी सुई आणि दोन दोऱ्यांची टीप असलेल्या यंत्राचं पेटंट घेतलं. आयझॅक सिंगर यांचं पेटंट १८५१ चं. त्याआधी फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्यानं १८३० मध्ये पेटंट घेऊन पॅरिसमध्ये यंत्रं उभी केली होती, आणि ती कशासाठी होती माहीत आहे? फौजेचे गणवेश शिवायला. आपली रोजी जाईल या भीतीनं तिथल्या शिंप्यांनी १८३१ मध्ये ती फोडून टाकली.

तिमोनिएच्या यंत्राची टीप साखळीची होती, एकाच दोऱ्याची. आपल्या छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात, तेव्हा तांदळाच्या कट्ट्याचं उदाहरण घ्या. कट्ट्याचं तोंड एका टोकाचा योग्य दोरा सापडला की सर्रकन उघडतं. ती साखळी टीप. कट्ट्याला ती बरी. पण सदऱ्याची बाही अशी उसवली तर चालेल का?

घरच्या मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. सुई वरचा दोरा घेऊन खाली जाते. वर परतू लागते तेव्हा दोरा कापडाला धरून थोडा मागे राहतो आणि सुईमागे छोटा फास तयार होतो. नेमक्या त्या क्षणी खालच्या हुकाचं टोक फासात शिरतं, फास ओढून मोठा करतं आणि पूर्ण बॉबिनच्या घराभोवती फिरवून सोडतं. म्हणजे खालची अख्खी बॉबिन वरच्या दोऱ्याच्या फासातून पार होते. मग वरची टेक-अप दांडी उरलेला ढिला दोरा वर खेचून घेते आणि दोन दोऱ्यांचा पीळ कापडाच्या पोटात बसतो.

आता माझ्या गुंत्याकडे या. फास मोठा करताना हुकानं बराच दोरा खाली नेलेला असतो. तो परत वर खेचणं हे वरच्या दांडीचं आणि वरच्या ताणाचं काम. वर ताणच नसेल तर तो दोरा खालीच पडून राहतो. टाक्यामागून टाका, खाली घरटं. म्हणून हे वाक्य पाठ करा: गुंता खाली दिसला तर दोष वर शोधा.

भरणं: फूट वर

ताणाच्या चकतीच्या आत नाण्यासारख्या दोन तबकड्या असतात. दोरा त्यांच्यामधून जातो. फूट वर असला की तबकड्या सुटतात, फूट खाली आला की आवळतात. फूट खाली ठेवून दोरा ओवला तर तो तबकड्यांच्या मध्ये शिरतच नाही, बाहेरच्या काठावर बसतो. दिसायला सगळं बरोबर. ताण शून्य.

म्हणून क्रम असा. हातचाक आपल्याकडे फिरवून टेक-अप दांडी सगळ्यात वर आणा. फूट वर करा. रिळापासून सुरुवात करून पुस्तिकेतल्या बाणांप्रमाणे दोरा खाली, मग वर, दांडीच्या भोकातून, पुन्हा खाली, सुईजवळच्या तारेतून, सुईत. ओवण्याआधी एक तपासणी: फूट वर असताना दोरा ओढा, सहज यायला हवा. फूट खाली करून ओढा, अडखळायला हवा. दोन्ही वेळा सारखाच आला तर तबकड्यांत गेलेला नाही. काढा आणि पुन्हा ओवा.

खाली बॉबिन. ती पुढून बसते तिथे वेगळी धातूची केस असते, वरून बसते तिथे पारदर्शक झाकण असतं. दोरा कोणत्या दिशेनं सुटावा याचं चित्र पुस्तिकेत किंवा झाकणावरच असतं. बॉबिन भरताना तिच्या काठापर्यंत गच्च भरू नका. आणि केस वेगळी असेल तर एक जुनी परीक्षा: बॉबिन घातलेली केस दोऱ्यावर लटकवा. ती तशीच लटकून राहायला हवी. हाताला हलका झटका दिला की इंच-दोन इंच घसरून थांबायला हवी. सरसर खाली गेली तर ढिली, हललीच नाही तर घट्ट. स्क्रू फिरवायचाच असेल तर एका वेळी पाव वळसाही जास्त होतो. माझ्यासारखं करू नका.

शेवटी दोन्ही दोऱ्यांची चार बोटं लांब टोकं फुटाखालून मागे घ्या. पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत ती धरून ठेवा. सुरुवातीचा गुंता यानंच वाचतो.

सुई

सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात जास्त तक्रारींचं मूळ. घरगुती मशीनच्या सुईचा वरचा भाग एका बाजूनं चपटा असतो. कारखान्यातल्या मशीनची सुई पूर्ण गोल असते. ती घरच्या मशीनच्या भोकात शिरतेही, पण नीट बसत नाही आणि टाके सुटतात. म्हणून दुकानात "घरगुती मशीनची, चपटी" असं स्पष्ट सांगा.

बहुतेक झिगझॅग मशीनमध्ये चपटी बाजू मागे. काळ्या सरळ टिपेच्या मशीनमध्ये ती आडवी येते. विसरलात तर सुईवरून नख फिरवा. लांब खाच ज्या बाजूला, त्या बाजूनं दोरा सुईत शिरतो. सुई वरपर्यंत टेकवायची आणि मगच स्क्रू आवळायचा. आणि हे करताना मशीनचा स्विच बंद. पायडलवर चुकून पाय पडला तर सुई बोटातून जाते, ही काही गंमत नाही.

सुईवर दोन आकडे असतात, ७५/११, ९०/१४ असे. मोठा आकडा जाडीचा: ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर. मलमल, बारीक सुती किंवा चांप्याचा कोसा असेल तर ७५/११. चादर, अभ्रा, शाळेचा गणवेश यांना ९०/१४. जीन्स किंवा पिशवीच्या कॅनव्हासला १००/१६. टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाला बॉलपॉइंट सुई, कारण तिची गोलसर अणी धागा तोडत नाही, बाजूला सारते. आठेक तास शिवण झालं की सुई बदला. बोथट सुई 'टक टक' आवाज करते. तो आवाज मशीनचा नसतो.

डबीतल्या वस्तू

आता ती ड्रॉवरमधली पिशवी काढा. सगळं पांढऱ्या पंचावर मांडा. आमच्याकडे रायफल खोलली की भाग असेच चादरीवर क्रमानं मांडतात, एकही हरवत नाही. प्रत्येक मशीनबरोबर सगळ्याच वस्तू येत नाहीत, पण बहुधा या असतात.

जादा बॉबिन. प्लॅस्टिकच्या आणि धातूच्या बॉबिन दिसायला सारख्या, पण उंचीत बारीक फरक असू शकतो आणि तेवढ्यानं टीप बिघडते. गोल बाजारात किंवा पंडरीला आणखी घ्यायला जाल तेव्हा आपली एक नमुन्याला खिशात ठेवा.

रिळाच्या टोप्या, एक लहान, एक मोठी. रीळ आडवी बसत असेल तर ती सरकू नये म्हणून. टोपी रिळाच्या तोंडापेक्षा किंचित मोठी हवी, नाहीतर दोरा रिळाच्या काठच्या चिरेत अडकतो आणि मध्येच तुटतो.

उसवायचा काटा, ज्याला दुकानात रिपर म्हणतात. दोन टोकं, एकावर छोटा लाल मणी. मणी कापडाच्या बाजूनं ठेवायचा म्हणजे अणी कापडात घुसत नाही. काज उघडताना काजाच्या टोकाला आडवी टाचणी लावा. काटा टाचणीला अडतो, काज फाटत नाही.

फूट. मशीनवर बसवलेला रुंद फटीचा फूट झिगझॅगचा, रोजचा. अरुंद फटीचा फूट असेल तर तो फक्त सरळ टिपेचा. त्याच्यावर झिगझॅग लावलात तर सुई लोखंडावर आपटेल. एका बाजूनं कापल्यासारखा दिसतो तो चेनचा, म्हणजे सुई चेनच्या दात्यांना खेटून जाऊ शकते. लांब सरकणारा, कधी कधी बटण ठेवायची जागा असलेला, तो काजाचा. आखूड, रबर लावलेला किंवा दोन बोटांसारखा तो बटणाचा. आतून पितळी-पोलादी गोगलगाईसारखं वळण असलेला तो बारीक दुमडीचा. ओढणीची कड, झालरीची कड तो स्वतःच दुमडत जातो. पातळ पत्र्याची भिंत असलेला तो अदृश्य दुमडीचा; पँटची किंवा पडद्याची दुमड त्यानं समोरून दिसत नाही. आणि ज्याच्या तळाला रुंद खाच आहे तो दाट टाक्यांचा; जाड भरलेले टाके खाचेतून निसटून जातात.

फूट बदलायला बहुतेक नव्या मशीनमध्ये स्क्रू लागत नाही. मागचा छोटा खटका दाबला की फूट गळून पडतो. नवा फूट बरोबर खाली ठेवून दांडी खाली आणली की 'टक' करून बसतो.

एल आकाराची काडी. ही बघून मी स्पेअर पार्ट म्हणालो होतो! ती फुटामागच्या भोकात बसते आणि आधीच्या टिपेवरून सरकत जाते. गोधडीवर एकासारखं एक अंतर ठेवून टिपा मारायला हिच्यासारखी वस्तू नाही.

दाते झाकायची पट्टी, किंवा तेच काम करणारा खालचा खटका. बटण लावताना किंवा रफू करताना कापड सरकायला नको, तेव्हा दाते बाजूला करायचे. काम झालं की परत वर आणायला विसरू नका. "कापड पुढे जात नाही" अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो.

ब्रश आणि छोटे पेचकस, सफाईसाठी. आणि शेवटचं, वस्तू नव्हे पण युक्ती: मशीनच्या पुढचा टेबलासारखा भाग डावीकडे ओढला तर बहुधा निघतो. खाली निमुळता हात राहतो. बाही, पँटचा पाय त्याच्यावर ओवून गोल फिरवत शिवता येतो. त्या निघालेल्या भागाच्या पोटातच अनेकदा ही सगळी डबी ठेवायची जागा असते.

निशाणा: वहीचा कागद

आता शिवायचं. पण दोऱ्याविना आणि कापडाविना. शाळेच्या वहीचा रेघांचा कागद घ्या, जुनी सुई लावा, दोरा काढून टाका आणि रेघेवर भोकं पाडत चला. सरळ रेघ जमली की चौकोन. कोपऱ्यावर सुई कागदात ठेवायची, फूट वर करायचा, कागद वळवायचा, फूट खाली. मग गोल, मग नागमोडी. पायडलवर टाच टेकवून फक्त चवडा दाबायचा. नजर सुईवर ठेवू नका, फुटाच्या कडेवर ठेवा. आमच्या सौ. शिवणाच्या वर्गात असंच शिकल्या.

दुसऱ्या दिवशी कापड. दुहेरी मांजरपाट, वर लाल दोरा, खाली पांढरा. टाक्याची लांबी २.५ मिलिमीटर, ताण चारच्या आसपास. टीप मारून दोन्ही बाजू बघा. वरून फक्त लाल, खालून फक्त पांढरा, तर ताण बरोबर. खाली लाल ठिपके दिसले तर वरचा ताण थोडा वाढवा. वर पांढरे ठिपके दिसले तर कमी करा. एका वेळी अर्धा आकडा. सापडलेले आकडे त्याच चिंधीवर पेननं लिहून ठेवा: कापड कोणतं, सुई कोणती, ताण किती. चार-पाच चिंध्या जमल्या की तुमचं स्वतःचं पुस्तक तयार होतं, आणि ते कंपनीच्या पुस्तिकेपेक्षा कामाचं असतं.

झिगझॅगची रुंदी बदलताना सुई कापडाबाहेर हवी. पहिली वस्तू उशीचा अभ्रा करा, सगळ्या टिपा सरळ. मग पिशवी. घरात नातवंड येणार असेल तर तिसरं झबलं. झबल्याला तीन-चार फूट वापरून बघता येतात आणि चुकलं तरी बाळ तक्रार करत नाही.

साफसफाई

सुती कापडाचा भुगा दात्यांमध्ये आणि बॉबिनच्या घरात साचतो, नमद्यासारखा घट्ट होतो. दोन-तीन मोठी कामं झाली की पट्टी काढून ब्रशनं झाडा. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ आत जाते आणि पावसाळ्यात गंज धरतो.

तेलाचा नियम मशीनप्रमाणे. काळ्या मशीनला नेहमी तेल लागतं, त्याच्या अंगावर भोकंच असतात. बऱ्याच नव्या मशीनना घरी तेल द्यायचं नसतं. पुस्तिका सांगेल ते. पण द्यायचं असेल तर शिवणयंत्राचंच पातळ तेल, एकेक थेंब. खोबरेल कधीच नाही. ते काही दिवसांत चिकट होतं, थंडीत गोठतं आणि मशीन जड चालतं. तेल दिल्यावर आधी चिंधीवर शिवा, नाहीतर पहिला डाग नव्या कापडावर पडेल.

रोकें आणि फौरी इलाज

मशीन अडलं तर स्क्रूला हात लावायच्या आधी हा क्रम. एक, थांबा, स्विच बंद करा, हातचाकानं सुई वर आणा. दोन, वरचा दोरा पूर्ण काढा, फूट वर करून पुन्हा ओवा. तीन, सुई काढा, नवी लावा, दिशा बघा. चार, बॉबिन काढा, घर झाडा, बॉबिन बरोबर दिशेनं परत घाला. पाच, दोरा बघा. जुना, कुजका, गाठीचा दोरा कोणतंच मशीन चालवत नाही. मग चिंधीवर टीप मारा. बहुतेक रोकें इथेच सुटतात. सुटली नाहीत तर मात्र दुरुस्तीवाला. जळका वास, ठिणगी किंवा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला तर थेट त्याच्याकडेच.

ताईंच्या पिशव्या

आता गोष्ट पूर्ण करतो. ताईंनी मशीन विकायचं ठरवल्याचं सांगितलं तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. मी पेचकस घेतला होता. सौ.नी तो माझ्या हातातून काढून घेतला. त्यांनी फक्त एवढं केलं: वरचा दोरा काढला, फूट वर केला, दोरा ओवला, जाड कापडासाठी शंभर नंबरची नवी सुई लावली. पहिलीच टीप दोन्ही बाजूंनी स्वच्छ आली. खर्च सुईचा.

दुरुस्तीवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. त्यानंही कदाचित मी केलं तेच केलं असेल, गुंता दिसला तिथेच बघितलं. पण त्या एका गैरसमजुतीपायी एक बाई मशीनही घालवून बसली असती आणि वर कर्जही फेडत राहिली असती.

गांधीजी यंत्रांवर कडक टीका करायचे, तरी १९२४ मध्ये एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं, कारण ते माणसाला हुसकावून लावत नाही, त्याचे कष्ट वाचवतं. आज पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंप्याचं काम आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे आणि मूलभूत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ताही आहे. तुमच्या ओळखीत कोणी शिवणकाम करून पोट भरत असेल तर त्यांना हे जरूर सांगा. आणि कोणाला मशीन भेट देत असाल तर बरोबर एक दुपारही द्या. शेजारी बसा, डबी पंचावर मांडा, फूट वर करून दोरा ओवून दाखवा. मशीन हे भांडवल आहे, आणि ओळख नसेल तर ते भांडवल कोपऱ्यात चादर पांघरून पडून राहतं.

ताईंच्या ऐंशी पिशव्या वेळेवर गेल्या. परवा त्यांनी सौ.ना विचारलं, "काकू, तो एका बाजूनं कापलेला फूट कशाचा हो?" चेनचा, हे कळल्यावर त्यांनी गल्लीतल्या शाळेच्या दप्तरांच्या चेन बदलायला घेतल्या आहेत. पिशवीपेक्षा त्यात मजुरी जास्त मिळते.

तेव्हा आज संध्याकाळी ड्रॉवर उघडा. पुढच्या भागात आपण घरातला मिक्सर उघडून बघू. तोपर्यंत नमस्कार आणि जय हिंद.